स्वदेस, पंधरा किलोवॅट आणि माझी रूमी

मराठी विभागाच्या संपादिकेने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मला वाटलं, हिचा नंबर चुकला. कॉन्व्हेंटमध्ये आमचं मराठी म्हणजे आठवड्याचे चार तास, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून पाठ केलेले दोन निबंध. व्हरांड्यात मराठी बोलताना सापडलं तर एक रुपया दंड. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या लेखात वेलांट्यांची अदलाबदल दिसली तर ती मुद्रणदोष समजून सोडून द्या. मतं मात्र माझीच आहेत, ती मुद्रणदोष नाहीत.

दरवर्षी २६ जानेवारीला आपल्या लेडीज हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये 'स्वदेस' लागतो. ध्वजवंदन, जिलेबी आणि मग 'स्वदेस', हा क्रम ठरलेला. सिनेमा २००४ चा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींपेक्षा वयाने मोठा. तरी गावात पहिला बल्ब पेटतो आणि त्या म्हातारीचा चेहरा उजळतो तेव्हा सगळी टीव्ही रूम गप्प होते. मेकॅनिकलच्या मुलीसुद्धा डोळे पुसतात. गेल्या वर्षी नेमक्या त्याच क्षणी माझी रूमी उठली, बादली घेतली आणि कपडे धुवायला निघून गेली.

(रूमी म्हणजे रूममेट. नाव छापायचं नाही ही तिची अट आहे. ती धडगाव तालुक्यातली, पावरा समाजाची, सिव्हिलला आहे. एवढं छापायला परवानगी आहे.)

रात्री मी विचारलं, "तुला आवडत नाही का गं तो पिक्चर?"

"आवडतो की. पण पुढचं दाखवत नाहीत त्यात."

"पुढचं म्हणजे?"

"बुडतं ते."

मला काही कळेना. मग तिने जे सांगितलं ते ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मी इलेक्ट्रिकलची आहे आणि हे मला आधी माहीत असायला हवं होतं. 'स्वदेस'चं गावातलं शूटिंग झालं वाईजवळच्या मेणवलीत. पण पडत्या पाण्यावर गावानेच आपली वीज तयार करायची, या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा आहे असं सांगितलं जातं. बिलगाव आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या आत, उदई नदीवर. ही उदई पुढे नर्मदेला मिळते. (नर्मदा महाराष्ट्रातूनही वाहते हे किती जणांना माहीत आहे? अवघे ५४ किलोमीटर, तेही सीमेवरून. मला माहीत नव्हतं.) २००३ साली केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या तरुण इंजिनिअरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून तिथे १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. दगड, वाळू, पाइप सगळं गावाने श्रमदानातून वाहिलं. बारा पाडे, सुमारे तीनशे घरं, पहिल्यांदाच बल्ब.

तीन वर्षं तो चालला. २००६ मध्ये सरदार सरोवर धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरवर न्यायला परवानगी मिळाली, आणि त्याच पावसाळ्यात बिलगावचा प्रकल्प धरणाच्या फुगवट्यात आणि गाळात गेला. म्हणजे खाली १४५० मेगावॅट वीज करायची होती, त्यासाठी वरची १५ किलोवॅट बुडाली!

आता थोडं गणित, कारण हे इंजिनिअरिंग कॉलेजचं मासिक आहे. तीनशे घरांना १५ किलोवॅट म्हणजे घरामागे ५० वॅट. आपल्या हॉस्टेलच्या बाथरूममधला इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा असतो. पाच गीझर चालू केले की बिलगावची सगळी वीज संपली. परीक्षेच्या सकाळी आपण किती गीझर एकदम चालू करतो ते रेक्टर मॅडमना विचारा. आणि ही १५ किलोवॅट वीज मिळवायला पाणी किती लागतं? सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्समधलं सूत्र घ्या. समजा १० मीटर उंची धरली आणि टर्बाइन, जनरेटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर सेकंदाला साधारण अडीचशे लिटर. बस. नदी अडवायची नाही, गाव उठवायचं नाही, थोडं पाणी वळवायचं, पाइपातून खाली आणायचं, टर्बाइन फिरवून परत नदीत सोडायचं. उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी होणार, हे खरंच. त्याला जादू म्हणण्यात अर्थ नाही. पण हे सूत्र आम्ही पाच मार्कांच्या गणितासाठी शिकलो, आणि आमच्या एकाही सरांनी 'बिलगाव' हा शब्द उच्चारला नाही. सरांचा दोष नाही, पुस्तकातच नाही.

त्याउलट सरदार सरोवर आम्हाला तोंडपाठ. नदीपात्रातल्या पॉवर हाऊसमध्ये २०० मेगावॅटची सहा युनिटं, रिव्हर्सिबल फ्रान्सिस टर्बाइन, कालव्याच्या मुखाशी आणखी २५० मेगावॅट. आमच्या बॅचची इंडस्ट्रियल व्हिजिट तिथेच गेली होती. धरण पाहिलं, १८२ मीटरच्या पुतळ्याखाली ग्रुप फोटो काढला, खमण खाल्लं, परत आलो. इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलची ती एकत्र ट्रिप होती. माझी रूमी आली नाही. ताप आलाय म्हणाली. तो ताप कुठला होता ते मला वर्षभराने कळलं.

गेल्या डिसेंबरमध्ये सेमिस्टरची परीक्षा संपल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. घरी मम्मीला सांगितलं तेव्हा तिचे पहिले प्रश्न 'तिथे नेटवर्क आहे का' आणि 'तिथे खायला काय देतात' हे होते. (उत्तरं: एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर आहे, ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, आणि मिरचीचा ठेचा ज्याने माझे कान वाजले.)

रात्रभर एसटी, सकाळी शहादा. शहाद्यापर्यंत तापीचं सपाट खोरं आहे, ऊस, केळी, पपई, सगळं हिरवंगार, ट्रॅक्टरची शोरूम. मग दुसरी एसटी घाटाला लागते आणि अर्ध्या तासात देश बदलतो. डोंगराला डोंगर चिकटलेले, झाडं विरळ, आणि घरं एकमेकांना न चिकटलेली. आपल्याकडे गाव म्हणजे घरांचा पुंजका. इथे प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर, आणि अशा दहा-वीस घरांचा मिळून एक पाडा. शेजारणीला हाक मारायची तर दरीपलीकडे ऐकू जाईल अशी मारावी लागते. रूमी हॉस्टेलमध्ये इतकी मोठ्याने का बोलते ते मला तिथे कळलं!

धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. तिथून पुढे जीप. जीपमध्ये किती माणसं बसली ते मी मोजायचा प्रयत्न केला, सव्वीसनंतर सोडून दिलं. कारण टपावरची दिसत नव्हती.

एक गोष्ट जाता जाता सांगते. देशातला पहिला आधार क्रमांक कुठे दिला गेला, माहीत आहे? याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. म्हणजे आपली सगळ्यांची ओळख जिथून सुरू झाली त्या जिल्ह्याचं नाव ऐकल्यावर आपल्या मेसमधला प्रश्न असतो, "नंदुरबार म्हणजे गुजरातमध्ये ना?"

रूमीचं घर बिलगावच्या अलीकडच्या एका पाड्यावर आहे. कुडाच्या भिंती, त्यावर माती-शेणाचा हात, वर कौलं. आत इतका गारवा की फॅनची आठवण होत नाही. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आम्हाला बिलगावला घेऊन गेले. धबधब्याच्या धारा पडत होत्या. बाराधारी म्हणतात त्याला, पावसाळ्यात लोक फोटो काढायला येतात. काका एका ठिकाणी थांबले आणि खाली बोट दाखवून म्हणाले, "इथं होतं."

मी पाहिलं. काहीच नव्हतं. पाणी होतं. संथ, मातकट हिरवं. मी खरं तर एखादा तुटका पाइप, गंजलेलं टर्बाइन, काहीतरी 'अवशेष' शोधत होते, ज्याचा फोटो काढता येईल. आपल्याला सवयच लागली आहे ना, की काही घडलं असेल तर त्याचा पुरावा फोटोत आला पाहिजे. काकांनी त्या कामासाठी दगड वाहिले होते. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, "मोजले नाही. आपलंच काम होतं."

काकूंना त्या तीन वर्षांबद्दल विचारलं. मला वाटलं त्या काहीतरी हृदयस्पर्शी सांगतील. त्या म्हणाल्या, दळण रात्री निवडता यायचं. विंचू दिसायचा. एवढंच. रूमी तेव्हा वर्षाचीही नव्हती, तिला तो बल्ब आठवत नाही. मग पुढे किती वर्षं चिमणीच होती ते ती बोटांवर मोजून सांगते, कारण तेवढीच तिची शाळेची वर्षं. आता पाड्यावर खांब आलेत, तारा आल्यात, तारांत वीजही असते. पावसाळ्यात एकदा गेली की वायरमन डोंगर चढून येईपर्यंत आठवडा जातो. पत्र्यावर सोलरचा दिवा आहे, त्याची बॅटरी मेली आहे. दिवा बसवून देणाऱ्यांचा बोर्ड मात्र अजून छान चमकतो.

तिसऱ्या दिवशी भूषाला जाऊन बोटीत बसलो. मी नदी पाहायला गेले होते, आणि मला जे दिसलं ती नदी नव्हती. पाणी हलतच नाही. डोंगराच्या कमरेपर्यंत पाणी, त्यातून वर आलेले वाळलेल्या झाडांचे शेंडे, आणि आधी जी टेकडी होती ती आता बेट. बोटवाला दादा इंजिन बंद करून हाताने दाखवत होता: इथे खाली शेत होतं, इथे बाजाराची वाट, इथे अमक्याचं घर. मला वाटलं तो अंदाजाने सांगतोय. रूमी म्हणाली, "अंदाज नाही, त्याचंच घर."

धरणाची पूर्ण उंची १३८.६८ मीटर. दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले, आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. मागे दोनशे किलोमीटरच्यावर पाणी पसरतं. महाराष्ट्रातली ३३ गावं यात आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, मणिबेली त्यातलं पहिलं. बऱ्याच जणांना खाली सपाटीवर, तळोदा-शहाद्याकडे सोमावल, रोझवा अशा वसाहतींत जमिनी मिळाल्या. रूमीचे एक मामा तिकडे आहेत, त्यांचं बरं चाललंय, ट्रॅक्टर घेतलाय. हेही लिही, असं रूमीने मुद्दाम सांगितलंय. आणि बरेच जण डोंगरावर वर वर सरकत तिथेच राहिले.

जे राहिले त्यांचा रस्ता म्हणजे ही बोट. पूर्वी नदी अडसर नव्हती, उन्हाळ्यात लोक उतरून पलीकडच्या पाहुण्यांकडे जायचे. आता पाणी उतरलं की काठाला कमरेएवढा गाळ, चढलं की खोल डोह. २०१९ च्या संक्रांतीला याच भूषाजवळ साठाहून जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि त्यात लहान मुलंही गेली. या काठासाठी तरंगता दवाखाना आणि बोट अॅम्ब्युलन्स सुरू करावी लागली. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मासेमाराकडून होडी मागून घेऊन, स्वतः वल्ही मारत, बाळांचं आणि गरोदर बायांचं वजन करायला पाड्यापाड्यावर जात होत्या. तेव्हा आम्ही घरी बसून 'ऑनलाइन लेक्चरला नेट स्लो आहे' म्हणून रडत होतो. त्यांचं नाव तेव्हा पेपरांत आलं होतं. मी तेव्हा ते वाचलं नाही, खोटं कशाला बोलू.

आता माझ्या वर्गातल्या एका मित्राबद्दल. तो सौराष्ट्रातला आहे. परत आल्यावर मी मेसमध्ये तावातावाने बोलत होते तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "माझ्या आजीने आयुष्यभर डोक्यावरून पाणी आणलं. आता नळाला नर्मदा येते. तिला जाऊन सांग धरण वाईट आहे म्हणून." मी गप्प झाले. त्याचं खोटं नाही. कच्छ-सौराष्ट्राची तहान खरी आहे आणि ती भागली हेही खरं आहे. या लेखातून मला 'धरण हवं की नको' ही डिबेट जिंकायची नाही, ती माझ्या जन्माच्या आधी सुप्रीम कोर्टात होऊन गेली, २००० सालीच.

माझा प्रश्न हिशेबाचा आहे. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यानुसार सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. स्थापित क्षमतेवर धरलं तर ३९१.५ मेगावॅट. भागिले १५ किलोवॅट करा: सव्वीस हजार बिलगावं! ही वीज बिलगावच्याच दरीतल्या पाण्यातून येते, आणि बिलगावचा बल्ब मात्र विझून राहिला, बरीच वर्षं. हा टर्बाइनच्या कार्यक्षमतेचा प्रश्न नाही. काकूंच्या दळणाला किती युनिट लागणार होते? ज्याचं घर पाण्याखाली जातं त्याच्या घरी पहिली तार जावी, हे कुठल्या कोडमध्ये लिहिलेलं नाही, आणि आपण जे कोड पाठ करतो ते लिहिणारी माणसं इंजिनिअरच असतात. उद्या त्यात आपण असू. माझ्या मित्रालाही हे पटलं. तो म्हणाला, आजीला विचारलं तर तीही हेच म्हणेल.

म्हणून माझी पहिली मागणी: पुढच्या वर्षीची इंडस्ट्रियल व्हिजिट धरणावर जरूर न्या, पण फक्त पॉवर हाऊसपाशी संपवू नका. जलाशयाचं दुसरं टोकही दाखवा. दोन दिवस जास्त लागतील. खमण मिळणार नाही.

दुसरी मागणी गॅदरिंगबद्दल, आणि इथे मला आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचाय. दोन वर्षांपूर्वी आपल्या गॅदरिंगला 'ट्रायबल फ्यूजन' नावाचा डान्स झाला होता, आठवतो? लायब्ररीमागच्या अशोकाची पानं कमरेला, तोंडाला काळं, हातात थर्माकोलचे भाले, आणि मध्येमध्ये हुर्र हुर्र. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मी होते. प्रॅक्टिसच्या वेळी आम्ही रूमीला विचारलंही होतं, "तुमच्याकडे काय घालतात गं?" ती म्हणाली, "जीन्स." आम्ही हसलो, आम्हाला वाटलं विनोद केला. दुसरं बक्षीस मिळालं आम्हाला. ती टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत होती.

तिच्या घरी मी काकूंचे चांदीचे दागिने पाहिले, वजनदार, आईकडून लेकीकडे आलेले. होळीच्या गोष्टी ऐकल्या. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला डोंगर उतरून हजारो माणसं येतात, रात्रभर ढोल चालतात. बुध्या आणि बावा होणारे पुरुष मोरपिसांचे उंच टोप घालतात, अंगभर राखेचे ठिपके काढतात, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधतात. आपण त्याचे फोटो दिवाळी अंकात पाहतो आणि म्हणतो, वा, काय कलरफुल! पण तो 'आयटम' नाही. ती मानता असते. ती घेणारा माणूस दिवसचे दिवस कडक पथ्य पाळतो, खाटेवर बसत नाही. म्हणजे आपल्याकडे कोणी अनवाणी वारीला जावं तसं. वारीचं 'फ्यूजन' करून तोंडाला रंग फासून नाचायची आपली हिंमत होईल का? यंदा गॅदरिंग कमिटीने हा प्रकार ठेवू नये. आणि ठेवलाच तर मी स्टेजवर येऊन हाच परिच्छेद वाचेन.

भाषेबद्दलही लिहायचंच आहे. मला व्हरांड्यात मराठी बोलले म्हणून एक रुपया दंड व्हायचा, हे मी नेहमी मोठ्या दुःखाने सांगते. रूमीला आश्रमशाळेत पहिलीत पावरी बोलली म्हणून छडी बसायची. गुरुजी मराठीत 'उठ' म्हणाले की बस म्हणाले तेच तिला कळत नव्हतं. दुसऱ्यांकडे बघून ती उठायची, आणि ते चुकलेले असले तर तीही चुकायची. काठावरच्या काही गावांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जीवनशाळा निघाल्या, तिथे आधी मुलांच्या बोलीतून आणि मग मराठीतून शिकवतात. रूमीच्या पाड्यावर तशी शाळा नव्हती. ती आज घरात पावरी, शहाद्याच्या बाजारात अहिराणी, कॉलेजात मराठी, मेसवाल्या भैयांशी हिंदी आणि व्हायव्हात इंग्लिश बोलते. पाच भाषा. आणि फर्स्ट इयरला ती "मी काल गेली होती" म्हणाली की आम्ही फ्लोअरवरच्या सगळ्या तिची नक्कल करायचो. त्यात मी पुढे असायचे, जिचं स्वतःचं मराठी दहावीत काठावर पास झालं होतं! कॉन्व्हेंटने मला इंग्रजी दिलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण दुसऱ्याच्या उच्चाराला हसायचा हक्क त्याबरोबर फुकट मिळतो असं मला का वाटलं, ते अजून कळत नाही. या मराठी विभागात पुढच्या अंकापासून एक पान पावरीचं, भिलीचं, अहिराणीचं, कोकणीचं असावं, असं मी संपादिकेला सुचवलंय. ती म्हणाली, प्रूफ कोण तपासणार? आपल्या हॉस्टेलांत ही भाषा बोलणारे निदान डझनभर तरी निघतील. विचारून तर बघा.

आता तो प्रसंग, जो मला लिहायचा नव्हता, पण रूमी म्हणाली तो नसेल तर ती हा लेख छापू देणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी विहिरीवरची मोटार बंद पडली. एक एचपी, सिंगल फेज. बटण दाबलं की गुंऽऽ करायची, फिरायची नाही. काका मोठ्या आशेने माझ्याकडे वळले. "पोरी, तू विजेचंच शिकते ना?"

मी इलेक्ट्रिकल, थर्ड इयर, इलेक्ट्रिकल मशिन्सला ७८ मार्क. मी मोटारीकडे पाहिलं. मोटारीने माझ्याकडे पाहिलं. मला ऑक्झिलरी वाइंडिंग आठवलं, फेज डिफरन्स आठवला, डबल रिव्हॉल्व्हिंग फील्ड थिअरीची आकृती आठवली, अगदी कुठल्या पानावर होती तेही. पण ते झाकण उघडायला कुठला पाना लागतो ते आठवेना, कारण ते कधी माहीतच नव्हतं. मी म्हणाले, "काका, व्होल्टेज लो असेल." (कॉलेजात काही येत नसलं की आपण हेच म्हणतो.) काका मान हलवून म्हणाले, "असेल."

तेवढ्यात खालच्या पाड्यावरचा एक मुलगा आला, आयटीआय केलेला, माझ्यापेक्षा वर्षभराने लहान. त्याने एक काठी घेतली, बटण दाबलं आणि काठीने मागचा पंखा हलकेच फिरवून दिला. मोटार भरकन सुरू झाली! तो म्हणाला, "कॅपॅसिटर गेला." दुसऱ्या दिवशी धडगावच्या बाजारातून नवा आणला, दहा मिनिटांत बसवला. हाताने धक्का दिला की फिरते म्हणजे स्टार्टिंग टॉर्क नाही, म्हणजे कॅपॅसिटर. हे सगळं मी पेपरात लिहिलं होतं, सहा मार्कांना, आकृतीसहित.

काकूंनी मला निघताना पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या. त्या मुलाने जुना कॅपॅसिटर दिला, "घ्या, अभ्यासाला" म्हणाला. तो माझ्या टेबलावर आहे. टोमणा होता की नाही हे मी रूमीला विचारलं. ती नुसती हसते.

हा लेख तिने वाचलाय. दोन ठिकाणी खोडलंय. एका जागी मी 'तिथले साधेभोळे लोक' असं लिहिलं होतं, तिने समासात लिहिलं, 'माझे मामा भेटले नाहीत वाटतं तुला.' दुसऱ्या जागी मी नदीचं वर्णन केलं होतं सात ओळींचं, चंद्रप्रकाश वगैरे. त्यावर नुसती काट.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर आम्ही दोघी परत जातोय. तेव्हा कैऱ्यांचा मोसम असतो, घरोघरी आमचूर करायला कैऱ्या सोलायचं काम चालतं, आणि माणसं कमी पडतात. जमलं तर त्या बंद सोलर दिव्यांपैकी काही उघडून बघायचे आहेत, बॅटरी गेली आहे की चार्ज कंट्रोलर. आयटीआयवाला शिकवणार आहे. आमच्या एका सरांनी हे फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणून घ्यायला हरकत नाही असं म्हटलंय, एचओडी सर अजून 'बघू' म्हणतायत. ज्यांना यायचं असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात नाव देऊन ठेवावं. जीपचं भाडं आपलं आपण. मल्टिमीटर स्वतःचा आणा, लॅबमधला चालत नाही.

— टी. ई. (इलेक्ट्रिकल)